दरवाजातून कोणी जावे? बावन्न दरवाजांचे शहर आणि मोटारीचे राज्य

१/
छत्रपती संभाजीनगरला ‘बावन्न दरवाजांचे शहर’ म्हणतात. आज भडकल दरवाजासमोर उभे राहिले, तर मधोमध १६१२ ची भव्य वास्तू दिसते, भोवती वाहनांचा न तुटणारा ओघ दिसतो आणि कमानीखाली माणूस क्वचितच दिसतो. ज्या दरवाजातून शहरात प्रवेश होत असे, तो रस्त्यातले बेट झाला आहे. हे कसे घडले आणि ते असेच राहावे काय, याविषयीचा हा थ्रेड. 🧵

२/
आधी नावांचा खुलासा. खाम नदीकाठच्या खडकी या गावी मलिक अंबरने १६१० मध्ये निजामशाहीचे नवे शहर वसवले. त्याचा मुलगा फतेहखान याने त्याला फतेहनगर म्हटले. १६५३ मध्ये दख्खनचा सुभेदार औरंगजेब याने औरंगाबाद केले. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर हे अधिकृत नाव आहे. राज्ये बदलली, नावे बदलली, पण जुन्या गल्ल्यांची आखणी पुष्कळशी तशीच राहिली. आजचा सारा वाद त्या आखणीभोवतीच फिरतो.

३/
मलिक अंबर मूळचा हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि मोगलांना त्याने वर्षानुवर्षे झुंजवले. सैनिक म्हणून त्याची कीर्ती मोठी, पण नगररचनाकार म्हणूनही तो तितकाच थोर होता. त्याने उत्तरेकडील डोंगरांतले पाणी जमिनीखालून, केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ती नहर-ए-अंबरी. ते पाणी वस्तीवस्तीतल्या हौदांत खेळत असे. म्हणजे घागर घेऊन निघालेल्या बाईच्या पावलांनी पाण्याचे अंतर ठरत होते.

४/
औरंगजेबाच्या काळात या शहराभोवती पुरे वाढले. मिर्झाराजे जयसिंगाचा जयसिंगपुरा, बिकानेरच्या राव कर्णाचा कर्णपुरा, त्याच्या मुलाचा पदमपुरा, बुंदेल्या पहाडसिंगाचा पहाडसिंगपुरा. शिवाय बेगमपुरा आणि औरंगपुरा आहेतच. सरदाराचा वाडा, त्याच्या आश्रितांची घरे, कारागीर, विहीर, प्रार्थनास्थळ आणि छोटा बाजार असा एकेका पुऱ्याचा संसार. रोजची गरज पुऱ्यातच भागायची. पॅरिसमध्ये अलीकडे गाजलेली ‘पंधरा मिनिटांचे शहर’ ही कल्पना दख्खनला नवी नाही.

५/
१६८२ च्या सुमारास मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने मुख्य शहराभोवती तट उभा राहिला. त्याला चार महत्त्वाचे दरवाजे : उत्तरेला दिल्ली, पूर्वेला जालना, दक्षिणेला पैठण, पश्चिमेला मक्का. लोक त्याला मकाई म्हणतात. यांखेरीज रोशन, कटकट, बारापुल्ला, रंगीन, जाफर, खास असे कितीतरी. ‘बावन्न’ या आकड्यात लहान दरवाजे आणि खिडक्याही आल्या. आज त्यांतले मोजकेच उभे आहेत. जालना दरवाजा तर उरलेलाच नाही. तट बहुतेक गेला, दरवाजे एकटे पडले.

६/
या तटबंद शहराचा आकार ध्यानात घेण्याजोगा आहे. दिल्ली दरवाजापासून पैठण दरवाजापर्यंतचे सरळ अंतर अडीच किलोमीटरच्या आसपास भरते. वळणावळणाने गेले, तरी चांगला चालणारा माणूस पाऊण तासाच्या आत शहर ओलांडतो. शहागंज, सिटी चौक, मछली खडक, गुलमंडी ही बाजारांची साखळी चालता चालता पुरी होते. ज्या काळात चालणे हेच बहुतेकांचे वाहन होते, त्या काळाने शहराला दिलेले हे माप.

७/
येथे भाबडेपणा नको. अंबराने किंवा मोगलांनी पादचाऱ्याच्या प्रेमापोटी शहर रचले नव्हते. तट लढाईसाठी होता. रस्त्यावर हत्ती आणि पालख्यांचा मान पहिला होता आणि सामान्य माणसाने बाजूला सरायचे, हाच रिवाज होता. जातीपातींच्या वस्त्याही वेगळ्या होत्या. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्याने नकळत मागे ठेवलेली वस्तू मात्र मोलाची आहे : पायी पुरे पडणारे अंतर.

८/
हे अंतर पहिल्यांदा ताणले ते रेल्वेने. १९०० च्या सुमारास निजामाच्या राज्यात मनमाड–सिकंदराबाद मार्ग झाला आणि स्टेशन तटाबाहेर, दक्षिणेला आले. स्टेशनकडे जाणारा रस्ता हा शहराचा नवा दरवाजाच म्हणावा लागेल. तरीही शहर टांग्याच्या आणि सायकलच्या मापात राहिले. खरी उलथापालथ व्हायची होती ती महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर.

९/
चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आली, १९७० च्या दशकात सिडकोची नवी वस्ती आली, आणि १९८० च्या दशकात वाळूज आले. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला. मराठवाड्याच्या हजारो तरुणांना रोजगार मिळाला, हे ऋण नाकारता येणार नाही. पण घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला, मध्ये पंधरा-वीस किलोमीटर, अशी नवी रचना त्यातून रूढ झाली. आणि शहराचा कणा बनला जालना रोड.

१०/
जे शहर दुचाक्या आणि रिक्षा घडवते, पुढे शेंद्र्याला परदेशी मोटारीही जुळवते, त्याला वाहनाचे आकर्षण वाटले, यात नवल नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी १५० मर्सिडीज मोटारी विकत घेतल्या. सुमारे ६५ कोटींचा व्यवहार! देशभर बातमी झाली. मागासलेला म्हणून हिणवल्या जाणाऱ्या प्रदेशाचा तो अभिमानाचा क्षण होता आणि तो अभिमान समजण्यासारखा आहे.

११/
मात्र त्या बातमीला दुसरी बाजू होती. शहरभर फिरणारी, भरवशाची बससेवा मिळायला नागरिकांना आणखी आठ वर्षे थांबावे लागले. ‘माझी स्मार्ट बस’ प्रत्यक्ष धावू लागली ती जानेवारी २०१९ मध्ये. दीडशे आलिशान मोटारी एका दिवसात येऊ शकतात आणि साध्या बससाठी एवढी वाट पाहावी लागते, यात कोणा एकाचा दोष नाही. नगराने प्रतिष्ठेची मोजपट्टी कोणती मानली, एवढेच त्यातून कळते.

१२/
या मोजपट्टीची किंमत जुन्या शहराने मोजली. २०१० नंतरच्या काही वर्षांत रस्ता रुंदीकरणाची मोठी मोहीम झाली. घरांचे दर्शनी भाग उतरले, लाकडी सज्जे गेले, दुकानांच्या ओट्यांची माती झाली. वाहतूक मोकळी होईल, हे त्यामागचे आश्वासन. पण मोकळी झालेली जागा पुष्कळ ठिकाणी उभ्या वाहनांनीच व्यापली. पाडलेले परत येत नाही आणि मिळालेली रुंदी टिकत नाही, असा हा तोट्याचा सौदा.

१३/
असे का होते, याचा विचार जगात साठ वर्षांपूर्वीच झाला आहे. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाऊन्स यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, गर्दीच्या मार्गाची क्षमता वाढवली, की वाहनेही वाढतात आणि कोंडी पूर्वपदावर येते. जो माणूस गर्दीला कंटाळून गाडी काढत नव्हता, तो रस्ता मोकळा दिसताच गाडी काढतो. रांजण मोठा केल्याने गळती थांबत नाही.

१४/
साधे अंकगणित करून पाहावे. एका मोटारीत सरासरी दोन माणसे धरली, तर चाळीस माणसांना वीस मोटारी लागतात. दोन मोटारींतले अंतर धरून ती रांग शंभर मीटरच्या पुढे जाते. तीच चाळीस माणसे एका बसमध्ये मावतात आणि ती बस जेमतेम दहा-बारा मीटर जागा घेते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने हेच तत्त्व मांडले : वाहने हलवू नयेत, माणसे हलवावीत. धोरण कागदावर शहाणे आहे. रस्त्यावर मात्र ते अजून पोहोचायचे आहे.

१५/
जागेचा हिशेब आणखी बोलका आहे. एक मोटार उभी करण्यास साधारण साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. दोन मोटारी आणि त्यांना वळायची वाट मिळून तीस चौरस मीटर सहज होतात. शासनाच्या २०१५ च्या आवास योजनेत आर्थिक दुर्बल कुटुंबाच्या घराचे चटईक्षेत्रही तेवढेच, तीस चौरस मीटरपर्यंत होते. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर दोन मोटारींना दिवसभर फुकट मिळणारी जागा ही एका कुटुंबाच्या घराएवढी असते.

१६/
आता पादचाऱ्याच्या वाट्याकडे वळावे. भारतीय रस्ते परिषदेच्या निकषानुसार पदपथावर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. गुलमंडीपासून शहागंजपर्यंत अशी सलग रुंदी शोधणे हा एक व्यायामच ठरेल. आणि हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत ३२,८२५ पादचारी होते. दररोज सरासरी नव्वद.

१७/
हे पादचारी कोण असतात? शाळेत जाणारी मुले, भाजीची पिशवी घेतलेली गृहिणी, औषधाला निघालेले आजोबा, हातगाडीवाला, बसमधून उतरलेला कामगार. ज्यांच्या घरी वाहन नाही, किंवा आहे पण त्यावर त्यांचा हक्क नाही, असे सारे. रस्त्याची रचना मोटार गृहीत धरून केली, की या सर्वांचे शहर लहान होते. मुलीला एकटीने वाचनालयात जाता येते की नाही, हे पुष्कळदा पदपथ ठरवतो.

१८/
येथे पहिला आक्षेप व्यापाऱ्यांचा येतो : गाडी दुकानापर्यंत आली नाही, तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. ही भीती खोटी नाही. ज्याचे पोट दुकानावर आहे, त्याला प्रयोग महाग पडतो. कोपनहेगनमध्ये १९६२ साली स्ट्रॉएट हा मुख्य बाजाररस्ता मोटारींना बंद झाला, तेव्हा तिथल्या दुकानदारांनीही हीच शंका घेतली होती. तो रस्ता आज साठ वर्षांनंतरही पायी चालणाऱ्यांचाच आहे आणि शहराची प्रमुख बाजारपेठही तोच आहे. दुकानात गाडी शिरत नाही. शिरतो तो गाडीतून उतरलेला माणूस.

१९/
डेन्मार्क दूर वाटत असेल, तर दिल्ली पाहावी. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास आखलेला चांदणी चौक. त्याच्याही मधोमध नहर वाहत होती. पुढे ती गेली, ट्राम आली, तीही गेली आणि वाहनांनी रस्ता गिळला. सप्टेंबर २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद हा सुमारे सव्वा किलोमीटरचा रस्ता सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारींना बंद करण्यात आला. अंमलबजावणीत कुरबुरी आहेत, पण साडेतीनशे वर्षांच्या बाजारातही हे करता येते, हे सिद्ध झाले.

२०/
खरे तर संभाजीनगरला दिल्लीचाही दाखला नको. ग्रामदैवत संस्थान गणपतीसमोरून विसर्जनाची मिरवणूक निघते, १४ एप्रिलला भडकल दरवाजापाशी जनसागर लोटतो, शिवजयंतीला क्रांती चौक फुलतो, रमजानच्या रात्री शहागंज–सिटी चौक उजळतो, नवरात्रात कर्णपुऱ्याची यात्रा भरते. त्या दिवसांत त्या रस्त्यांवर माणसांचे राज्य असते. बाजार बंद पडत नाही, उलट भरभरून चालतो. वर्षातून इतक्या वेळा जे शहर पायी चालते, त्याला पायी चालणे परके कसे?

२१/
याच जिल्ह्यातील दुसरा दाखला अजिंठ्याचा. पर्यटकांची वाहने लेण्यांपासून चार किलोमीटरवर, फर्दापूरच्या तिठ्यावर थांबतात. पुढे बसने जावे लागते. धुराने चित्रांना इजा होऊ नये, म्हणून हा नियम आणि तो सर्वांनी मान्य केला आहे. माथेरानमध्ये तर दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकाची मोटार जातच नाही आणि तरीही गर्दी हटत नाही. भिंतीवरच्या चित्रांना जे संरक्षण मिळते, ते दरवाजांना आणि त्यांखालून जाणाऱ्या माणसांच्या फुप्फुसांना का मिळू नये?

२२/
दुसरा आक्षेप उन्हाचा. मराठवाड्याच्या मे महिन्यात कोण चालणार? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जुन्या गल्लीतच आहे. अरुंद गल्लीत समोरासमोरच्या घरांची सावली पडते, रुंद डांबरी रस्ता मात्र भट्टीसारखा तापतो. रुंदीकरणात झाडेही जातात. कडुनिंबाची सलग रांग, पाणपोई, बसायला कट्टा आणि अंतर थोडे असेल, तर उन्हातही माणूस चालतो. उन्हाला घाबरून सावली पाडणे हा उपाय नव्हे.

२३/
तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे : रुग्णवाहिका, अग्निशमन दल, दिव्यांग, वृद्ध, खेड्यांतून बाजारहाटाला येणारी कुटुंबे यांचे काय? खरे तर रस्ता अडला म्हणून रुग्णवाहिका खोळंबते, ती अडवणारी बहुतेक वाहने खासगीच असतात. ती कमी झाली, तर वाट मोकळी होते. दिव्यांगांच्या वाहनांना मुभा द्यावी, मालवाहतुकीला पहाटेची वेळ द्यावी, गावाकडून आलेल्यांसाठी वेशीवर वाहनतळ आणि तेथून लहान बस असावी. बंदी आंधळी नसावी, हे मान्यच.

२४/
सुरुवात झालेली नाही, असेही नाही. केंद्राच्या ‘स्ट्रीट्स फॉर पीपल’ स्पर्धेत २०२२ साली देशातील अकरा विजेत्या शहरांत या शहराचे नाव झळकले. पैठण गेट ते गुलमंडी हा पट्टा पादचाऱ्यांसाठी राखण्याचाही विचार झाला. पुण्याने डिसेंबर २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर ‘पादचारी दिन’ पाळला. पण एका दिवसाचा उत्सव आणि रोजची व्यवस्था यांत मोठे अंतर आहे. रंगवलेला पदपथ आठवड्यात दुचाकींचा तळ होतो, तेव्हा दोष रंगाचा नसतो.

२५/
मग काय करावे? एक, जुन्या शहरातून केवळ आरपार जाणाऱ्या वाहनांना मज्जाव करावा. ज्याचे आत काम आहे, तो येईलच. दोन, दरवाजे ही वाहनतळाची सीमा मानावी : बाहेर गाडी, आत माणूस. तीन, आत लहान बस आणि रिक्षा यांची नेमाने फेरी असावी. चार, पुढचे रुंदीकरण करण्याआधी आहे त्या रुंदीतील उभी वाहने हटवून पाहावीत. पाच, व्यापाऱ्यांना विश्वासात घेऊन एका बाजारात पुरते सहा महिने प्रयोग करावा आणि त्याचा हिशेब जाहीर मांडावा.

२६/
यात मोटारीशी वैर नाही. वाळूजला कामाला जाणाऱ्याची दुचाकी ही चैन नव्हे. बस वेळेवर येत नाही, म्हणून ती त्याची गरज आहे. म्हणूनच जुन्या शहरातील मोटार कमी करण्याचा मार्ग नव्या शहरातील बस वाढवण्यातून जातो. पर्याय न देता घातलेली बंदी टिकत नाही, आणि बंदीविना दिलेला पर्याय कोणी वापरत नाही. दोन्ही पावले जोडीने पडली, तरच चालणे होते.

२७/
इतिहासप्रेमी दरवाजांच्या डागडुजीची मागणी करतात, ती योग्यच आहे. पण दगड सांधला, चुना भरला, दिवे लावले आणि कमानीपर्यंत जायला रस्ता ओलांडता आला नाही, तर ते जतन अर्धेच राहते. दरवाजाचा अर्थ त्यातून जाण्यात आहे. लांबून छायाचित्र काढण्यापुरता उरलेला दरवाजा म्हणजे कुलूप लावलेला ग्रंथ.

२८/
मलिक अंबराच्या नहरीचे पाणी चारशे वर्षांपूर्वी कोणत्याही यंत्राविना, फक्त जमिनीचा उतार ओळखून वाहिले. नगररचनेचे मर्म त्यात आहे : भूमी काय म्हणते, ते ऐकावे. या भूमीवरचे जुने शहर अडीच किलोमीटरचे आहे, सावलीच्या गल्ल्यांचे आहे, पायी पुरे पडणारे आहे. त्याला रुंद करत राहण्यापेक्षा त्याचे माप ओळखावे. मग भडकल दरवाजाच्या कमानीखालून पुन्हा एखादे मूल आजोबांचे बोट धरून जाईल, आणि त्या दोघांना कोणाचा हॉर्न ऐकून दचकावे लागणार नाही.